कन्नड कर्नाटकात नाही

पहाटे ५.१०

नळाने आधी हवा सोडली, मग तो खोकला, मग पाणी आलं. आज पाण्याचा दिवस. सिडकोतल्या आमच्या गल्लीत या घटकेला घराघरातून मोटारींचा आवाज येतो आणि कुणी कुणाशी बोलत नाही. टाकी, माठ, कळश्या, बादल्या, शेवटी कूलरसुद्धा भरून ठेवायचा. हे पाणी पैठणहून येतं, पन्नासेक किलोमीटर आणि तेही चढावर. नाथसागर खाली, शहर वर. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात अनुरेखक होते, म्हणून नळ सुरू झाला की मला पाण्याच्या आधी कंटूर, उंचीच्या रेषा, दिसतात.

अनुरेखक म्हणजे काय, हे हल्ली सांगावं लागतं. टेबलावर मूळ नकाशा, त्यावर ताणून बसवलेला ट्रेसिंग क्लॉथ, हातात शाईचं पेन. खालचं वर जसंच्या तसं उतरवायचं. एका कापडावर फक्त नद्या-नाले, दुसऱ्यावर गावांच्या हद्दी, तिसऱ्यावर रस्ते. तिन्ही एकावर एक ठेवली की प्रदेश उभा राहायचा, आणि कुठे काय चुकलंय तेही दिसायचं. निवृत्त झाल्यापासून हेच काम मी मराठी विकिपीडियावर करते. पगार नाही, पण साहेबही नाही.

सकाळी ६.३०

चहाचा कप, लॅपटॉप, ‘अलीकडील बदल’. रात्रीत कोणी कुठे हात लावला ते इथे ओळीने दिसतं.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. लिहिणारे मोजके आणि गावं हजारोंनी, हा त्याचा पहिल्यापासूनचा हिशेब. त्यामुळे गावांचे लेख बरेचसे एकाच ठशाचे: अमुक तालुक्यातलं गाव, २०११च्या जनगणनेचे आकडे, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा, संपलं. लेख दोन ओळींचा असो की वीस पानांचा, त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘वर्ग’ असतात. हे गाव कुठल्या जिल्ह्याचं, ही नदी कुठल्या खोऱ्याची, हा किल्ला कुठल्या डोंगररांगेतला. वाचणारे तिथपर्यंत क्वचित पोचतात. मी तिथूनच सुरू करते.

आज तळाशी पाहिलं तर पिशोर कर्नाटकात गेलेलं.

पिशोर! अजिंठ्याच्या डोंगरांच्या कुशीतलं, आपल्या कन्नड तालुक्यातलं गाव. मग नाचनवेल पाहिलं, तेही कर्नाटकात. चिंचोली लिंबाजी, करंजखेड, सगळी वरात तिकडेच. कारण कळायला वेळ लागला नाही. कोणीतरी यंत्राच्या मदतीने वर्ग लावत सुटलं होतं, आणि यंत्राला ‘कन्नड’ दिसलं की ते बेंगळुरूकडे तोंड करतं. चापानेर मात्र कर्नाटकात नव्हतं. ते गुजरातेत होतं. पावागडाजवळचं चांपानेर युनेस्कोच्या यादीतलं, त्याच्या शेजारी आमचं कन्नड तालुक्यातलं चापानेर पाहुण्यासारखं अवघडून बसलेलं.

विकिपीडियावर अशी यांत्रिक कामं करणाऱ्या प्रोग्रामला मराठीत ‘सांगकाम्या’ म्हणतात. इतका नेमका शब्द क्वचित सापडतो. सांगितलेलं सगळं करतो, न सांगितलेलं काहीच कळत नाही.

सकाळी ८.००

एकीकडे कुकर, एकीकडे कन्नड तालुका. एकेक गाव परत आणत होते. मधे एका सदस्याच्या चर्चा पानावर निरोप ठेवला की बाबा रे, कन्नड नावाचा तालुका महाराष्ट्रात आहे, धुळे-सोलापूर रस्त्यावर औट्रम घाटाच्या माथ्याशी आहे, तुझ्या सांगकाम्याला एवढं सांग. रागावून लिहिलं नाही. आमच्याकडे कामाला माणसं आधीच कमी. जो चुकतो तो निदान काम तरी करत असतो.

अशा आंधळ्या बदलाचा सगळ्यात सुंदर नमुना मी आमच्या शहराच्या नामांतरानंतर पाहिला. कोणीतरी ‘औरंगाबाद’ शोधून सरसकट ‘छत्रपती संभाजीनगर’ घातलं होतं. एका लेखात वाक्य तयार झालं होतं की १६५३ साली औरंगजेबाने या शहराला छत्रपती संभाजीनगर हे नाव दिलं. मी ते बदलण्याआधी दोनदा वाचलं. हसावं की काय करावं कळेना. त्याच फेऱ्यात बिहारमधला औरंगाबाद जिल्हाही नाव बदलून बसला होता; तिथल्या लोकांना कोणी विचारलंही नव्हतं.

चापानेर झालं, नाचनवेल झालं. पिशोरचं पान उघडलं, कर्नाटक खोडलं, ‘बदल प्रकाशित करा’वर बोट नेलं, आणि लाइट गेली. राउटर विझला.

सकाळी ९.४०

लाइट नाही म्हणून काम थांबत नाही. पलंगाखाली नळकांड्यात जुने टोपोशीट आहेत, कडा झिजलेले, घडीवर फाटलेले.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या पद्धतीत सगळा देश चार-चार अंशांच्या चौकोनांत कापलेला असतो. ४७ क्रमांकाचा चौकोन वर विसाव्या अक्षांशाला संपतो आणि तिथून ४६ सुरू होतो. ही विसाव्या अक्षांशाची रेघ आमच्या जिल्ह्याच्या अंगावरून जाते. शहर ४७ एममध्ये, एम-५च्या तावावर. दौलताबादही ४७मध्ये. पण खुलताबादचा चढ चढून वेरुळला गेलात की तुम्ही ४६ पीमध्ये शिरता. सिल्लोड, कन्नड, सोयगाव, अजिंठा, सगळं ४६मध्ये. सहलीला येणारी मंडळी दौलताबादचा देवगिरी किल्ला आणि वेरूळ एका सकाळी उरकतात. कचेरीत मात्र त्या दोन जागांचे नकाशे वेगळ्या खणांत. नवा शिपाई आला की हमखास एक ताव आणायचा, दुसरा विसरायचा.

त्या तावांचा एक गुण असा की त्यांना जिल्ह्याचं कौतुक नव्हतं. जिल्ह्याची हद्द तुटक रेघेने जायची, आली काय नि गेली काय. वीस-वीस मीटरच्या कंटूर मात्र ठळक, आणि त्यांच्या घडीघडीतून निळ्या रेषा. आम्ही सगळ्यात आधी पाणी उतरवायचो. साहेबांचा नियम होता, ‘आधी पाणी, मग गाव, मग सरकार.’ त्यांना हे तत्त्वज्ञान म्हणून सुचलं नव्हतं. निळी शाई आधी वाळावी लागते, नाहीतर काळी फुटते, एवढंच.

बोट ठेवून अजिंठ्याचा कडा पुन्हा पाहिला, कारण नंतरच्या वादात तो लागणार होता.

सकाळी ११.३०

लाइट आली. वाद आधीच आलेला होता.

जळगाव जिल्ह्यातला एक सदस्य आहे, खानदेशच्या नद्यांवर चांगलं काम करतो. त्याने चर्चा पानावर लिहिलं होतं: ‘ताई, वाघूर तुमच्याकडे गोदावरीच्या खोऱ्यात कशी दाखवता? आमच्याकडे ती भुसावळजवळ तापीला मिळते.’

बरोबर होतं त्याचं. वाघूर म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांना घोड्याच्या नालासारखा वळसा घालून जाणारी नदी. लेण्यांच्या पायथ्याशी पुलावरून आपण जिला ओलांडतो ती. ती उत्तरेला उतरते, तापीला मिळते, अरबी समुद्राला जाते. त्याच डोंगररांगेच्या दक्षिण उतारावर पडलेला थेंब पूर्णेत जातो, पूर्णा गोदावरीला मिळते आणि तो बंगालच्या उपसागरात पोचतो. पावसाळ्यात माथ्यावर एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढलात तर दोन समुद्रांचं पाणी एका तळव्यावर पडतं.

गंमत अशी की वाघूरच्या लेखात कोणीही चूक केलेली नव्हती. लेखात तापी लिहिलेलं होतं. चूक होती वर्गांच्या उतरंडीत. वाघूर ‘जिल्ह्यातील नद्या’मध्ये होती, तेही बरोबर. जिल्ह्यातील नद्या ‘मराठवाड्यातील नद्या’मध्ये, तेही बरोबर. आणि कोणीतरी कधीतरी ‘मराठवाड्यातील नद्या’ हा आख्खा वर्ग उचलून ‘गोदावरी खोरे’ या वर्गाच्या पोटात ठेवला होता. मराठवाडा म्हणजे गोदावरी, हे आपण शाळेपासून ऐकतो, म्हणून कोणाला खटकलं नाही. पण एका डब्यात दुसरा डबा ठेवला की आतल्या डब्यातलं सगळं बाहेरच्याचं होतं. वाघूर अशीच न बोलता गोदावरीची झाली. तिकडे धाराशिव जिल्ह्याच्या कडेने जाणारी सीनाही झाली, आणि ती तर भीमेला मिळते, म्हणजे कृष्णेची. आठ जिल्ह्यांचा मराठवाडा तीन खोऱ्यांत पाणी सोडतो आणि आम्ही तो एका खोऱ्यात कोंबला होता.

मी आतला डबा बाहेरच्यातून काढला. त्यामुळे मांजरा, दुधना, खाम, शिवना या खऱ्याखुऱ्या गोदावरीच्या नद्याही क्षणभर अनाथ झाल्या. मग एकेकीला हाताने ‘गोदावरी खोरे’मध्ये परत नेलं. तासभर लागला. जळगावच्या सदस्याला कळवलं. त्याचं लगेच उत्तर: ‘मग ताई, जिल्ह्यातील नद्या हा वर्ग हवाच कशाला? नदी काय जिल्ह्यात मावते का?’

प्रश्न चांगला आहे. पूर्णेला आमच्या जिल्ह्यातून निघून जालना, बुलढाणा, परभणी, हिंगोली अशी पाच घरं आहेत. तिला पाच जिल्ह्यांचे पाच वर्ग लावले की लेखाच्या तळाशी नुसती वंशावळ होते. पण दुसरी बाजूही आहे. ज्या मुलीला ‘आपल्या जिल्ह्यातील नद्या’ असा प्रकल्प शाळेतून मिळालाय, ती ‘गोदावरी खोरे’ असं शोधणार नाही. तिला जिल्हाच सापडला पाहिजे. मी लिहिलं की दोन्ही वर्ग राहू देत, फक्त एकाला दुसऱ्याच्या पोटात ठेवू नका. ट्रेसिंगची दोन वेगळी कापडं आहेत ती.

त्याला ट्रेसिंग कापड माहीत असायचं कारण नाही. ‘ठीक’ म्हणाला.

दुपारी १.३०

पिठलं, भाकरी, ठेचा. मग अर्धा तास डोळा लागला. जायकवाडी धरणाच्या लेखाचं काही करायचं होतं, ते विसरले.

दुपारी ३.००

आठवड्यातून एकदा वाचनालयात जाते. कारण स्क्रीनवर वर्ग लावता लावता कधीकधी वाटतं, हे सगळं आपणच पहिल्यांदा करतोय. मग कपाटासमोर उभं राहिलं की तो भ्रम उतरतो.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी विसाच्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस भाग उभे केले, आणि त्यातले पहिले पाच नुसते प्रस्तावनाखंड. आधी चौकट, मग मजकूर. नंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला मराठी विश्वकोश मांडला, तो अकारविल्हे. छापील कोशाला पर्याय नसतो. एक नोंद एकाच जागी बसणार. त्यामुळे एका जिल्ह्यातली अजिंठा आणि वेरूळ कपाटाच्या दोन टोकांना. ग्रंथालयाच्या वर्गीकरणाचंही तेच, ड्यूईच्या १८७६च्या पद्धतीत भारताचा भूगोल ९१५.४ला गेला की गेला. पुस्तक एक, फळी एक. शियाळी रामामृत रंगनाथनांनी १९३३मध्ये कोलन वर्गीकरण आणलं, त्यात विषयाला जागा आणि काळ अशी वेगवेगळी अंगं जोडता येतात. मला ते वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं, या माणसाने ट्रेसिंग केलं असतं तर झकास केलं असतं.

आजचं खरं काम गॅझेटियरचं. जिल्ह्याचं एक गॅझेटियर १८८४चं, निजामाच्या काळातलं. दुसरं महाराष्ट्र शासनाचं, १९७७चं. दोन्ही सोन्यासारखी आणि दोन्ही धोक्याची. १९७७च्या पुस्तकात भोकरदन आणि जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात आहेत, कारण जालना जिल्हा झालाच १ मे १९८१ला. लोक पुस्तक उघडतात, पुराव्यासकट वर्ग लावतात, आणि भोकरदन चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे जातं. पुरावा पक्का, गाव चुकीच्या जिल्ह्यात. अशी दोन गावं आज वहीत उतरवून घेतली. फुलंब्री तालुका त्या पुस्तकात सापडणारच नाही, तो १९९९चा.

संध्याकाळी ५.३०

घरी आले तर वरच्या खोलीतला मुलगा दारात. सिल्लोडकडचा, एमपीएससीचा अभ्यास करतो.

‘काकू, एक डाउट होता. पूर्णा नदी कोणाची उपनदी?’

‘कोणती पूर्णा?’

‘असं नका ना काकू. पेपरात एकच असते.’

बसवला, चहा दिला. एक पूर्णा त्याच्याच भागातली, अजिंठ्याच्या डोंगरातली, तिच्यावर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं, ती गोदावरीची. दुसरी सातपुड्यातून विदर्भात उतरते आणि चांगदेवला तापीला मिळते. तिसरी गुजरातेत नवसारीकडे जाते, तिला कोणाचीच उपनदी व्हायचं नाही, ती थेट समुद्राला. शिवाय परभणी जिल्ह्यात पूर्णा हे तालुक्याचं गावच आहे, रेल्वे जंक्शन. विकिपीडियावर अशा सारख्या नावांसाठी एक वेगळं पान असतं, त्याला आम्ही निःसंदिग्धीकरण म्हणतो. हा शब्द उच्चारून झाला की माणूस खरंच निःसंदिग्ध होतो. पिंपळगावाचं असं पान बघण्यासारखं आहे. पिंपळगाव बसवंत, पिंपळगाव हरेश्वर, पिंपळगाव रेणुकाई, पिंपळगाव जोगा. विकिपीडियाने कंसात तालुके घालायच्या किती तरी आधी गावांनी आपापली सोय करून ठेवलेली आहे. कोणी देव जोडला, कोणी पाटील जोडला, कोणी नुसतं बुद्रुक-खुर्द करून वाटणी केली.

मुलाने वहीत तीन पूर्णा लिहून घेतल्या. जाताना म्हणाला, ‘काकू, जायकवाडी बीडमध्ये आहे असं लिहिलंय तुमच्या विकिपीडियावर.’

आठवलं. दुपारी विसरले होते तेच.

जायकवाडी नावाचं गाव खरंच बीड जिल्ह्यातलं. धरणाची पहिली आखणी तिथली होती, नाव तिथलं लागलं. पुढे जागा वर सरकून पैठणला आली, नाव मात्र सरकलं नाही. १८ ऑक्टोबर १९६५ला लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, २४ फेब्रुवारी १९७६ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, जलाशयाला नाथसागर नाव मिळालं. बीड जिल्ह्यातील धरणे हा वर्ग काढला.

धरणाच्या पाण्यामागोमाग कायगावही आलं. गोदावरी-प्रवरेच्या संगमाशी, नगर रस्त्यावर जुनं कायगाव आणि नवं कायगाव अशी दोन आहेत, कारण फुगवट्याचं पाणी आलं आणि गाव उठलं. संगमाच्या पलीकडचा काठ, प्रवरासंगम आणि टोका, नेवासे तालुक्यात, म्हणजे दुसरा जिल्हा आणि महसुली विभागसुद्धा दुसरा. पुन्हा वसलेल्या गावांच्या लेखात नकाशावरची खूण कुठे टोचायची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जुन्या जागी टोचली तर ती पाण्यात जाते. नव्या जागी टोचली तर लेखातलं मंदिर, घाट, यात्रा यांतलं काहीच तिथे नसतं. आजही दोन्ही पानं उघडली, दहा मिनिटं बघितली, बंद केली.

रात्री ८.३०

शहराच्या नावाची चर्चा. ती आठवड्यातून एकदा तरी पेटतेच.

मूळ खडकी, १६१०मध्ये मलिक अंबरने वसवलेली. मग फत्तेहनगर, मग औरंगाबाद. फेब्रुवारी २०२३मध्ये केंद्राने मान्यता दिल्यावर शहर छत्रपती संभाजीनगर झालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्हा नि विभागही. लेखाचं नाव बदलणं सोपं असतं. पान स्थानांतरित केलं की जुनं नाव आपोआप नव्याकडे वळतं. वर्गाचं तसं नाही. वर्गाचं पान हलवलं तरी आतले लेख जुन्याच पाटीखाली उभे राहतात, प्रत्येकाच्या तळाशी जाऊन ओळ बदलावी लागते. म्हणून बराच काळ अर्धी गावं एका नावाच्या जिल्ह्यात आणि अर्धी दुसऱ्या.

आज एक सदस्य म्हणत होता, सगळीकडे नवं. दुसरा म्हणत होता, इतिहासात जुनंच. दोघेही तावातावाने, आणि दोघांनाही वाटतंय की हा अस्मितेचा प्रश्न आहे. माझ्या मते हा काळाचा प्रश्न आहे. आज कुठलं गाव कोणत्या जिल्ह्यात, हे सांगणाऱ्या वर्गाला आजचं नाव. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या जिल्ह्याबद्दल लिहायचं तर त्याला तेव्हाचं नाव, कारण १८८४चं गॅझेटियर संभाजीनगरचं असू शकत नाही. मी एवढंच लिहिलं. एकाने आभार मानले. दुसऱ्याने विचारलं, तुम्ही नेमक्या कोणत्या बाजूच्या?

गल्लीत विचारा. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत ‘गावात’ जायच्या, म्हणजे जुन्या शहरातल्या गुलमंडीला.

रात्री १०.१५

झोपण्याआधी आठवलं, पिशोर राहिलं. सकाळी बोट नेलं तेव्हाच लाइट गेली होती.

पान उघडलं. कर्नाटक तिथे नव्हतं. दुपारी दोनच्या सुमारास, मी झोपले होते तेव्हा, कोणीतरी ते काढलं होतं. खातं नाही, नाव नाही, मोबाइलवरून केलेला पहिलाच बदल. बदलाचं कारण लिहायच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘कन्नड कर्नाटकात नाही. मी इथलाच हाय.’

महाराष्ट्र लावलेला, तालुका लावलेला, जिल्हा नव्या नावाचा, शुद्धलेखनासकट बिनचूक. त्याच्या पुढे आणखी एक वर्ग होता, लाल रंगात. लाल म्हणजे असा वर्ग विकिपीडियावर अस्तित्वातच नाही, लिहिणाऱ्याने मनाने केला. ‘वर्ग:जगातील सर्वात सुंदर गावे’. त्यात एकच गाव.

नियमाप्रमाणे तो तिथल्या तिथे काढायला हवा. मी लॅपटॉप मिटला. सकाळी काढेन.